बेने इस्रायल: पोथी नव्हती, पुरोहित नव्हता, तरी समाज टिकला कसा?

आगरातला_वाटसरू
नमस्कार मंडळी. अलिबाग-रेवदंडा पट्ट्यात वाढलेल्यांना बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला यहुदी समाज, पुस्तकातून कळत नाही. कुठे इस्रायल आळी असते, कुठे शेताच्या कडेला हिब्रू अक्षरांच्या थडग्यांची जागा, आणि जुन्या माणसांच्या बोलण्यात 'शनवार तेली' येतात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून शनवार तेली. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली.

त्यांची कथा बहुतेकांना माहीत असेल. किहीमजवळ नवगावच्या किनाऱ्यासमोर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, समुद्राने बाहेर टाकलेली प्रेतं तिथेच पुरली, आणि वाचलेल्यांपासून हा समाज वाढला. वाचलेल्यांकडे ग्रंथ उरला नाही. पुढे हिब्रू गेली, तोराह (यहुदी धर्मग्रंथ) गेली, रब्बी (धर्मगुरू) तर नव्हताच. राहिलं काय? शनिवारचा खाडा, आठव्या दिवशी मुलाची सुंता, खवले आणि पर असलेलेच मासे, आणि 'शेमा इस्राएल' ही एक प्रार्थना. ती लग्नात, मयतीत, सुंतेला, सगळीकडे तीच म्हणायची. एवढ्यावर शेकडो वर्षं लोक वेगळे राहिले, आणि शेजाऱ्यांशी भांडण न करता राहिले.

माझं मत असं की समाज घडतो तो रोजच्या आचाराने. इतिहास मागाहून येतो आणि त्या आचाराला कारण पुरवतो. आपण मराठी लोक उलटं समजतो. आधी इतिहास, मग अस्मिता, आणि आचार जमला तर. तुम्हाला काय वाटतं? या समाजातले कुणी इथे असतील तर त्यांनी जरूर लिहावं.

---

चौलची_सून
धागा आवडला. माझ्या सासूबाई सांगायच्या, त्यांच्या लहानपणी शेजारच्या इस्रायल घरात लग्न असलं की आदल्या दिवशी मेंदी, हिरवा चुडा, हळद, सगळं आपल्यासारखंच. नवरीच्या गळ्यात मंगळसूत्रसुद्धा. फरक एकच, देवाची तसबीर कुठे नाही. शनिवारी त्यांच्याकडे चूल पेटत नसे, आदल्या संध्याकाळीच स्वयंपाक उरकलेला असे. सासूबाईंच्या लेखी ते 'वेगळ्या वाराचे' लोक होते, त्यापलीकडे कुणी विचारत नव्हतं.

---

शोधयात्री
वाचनखूण साठवली. थोडी भर घालतो.

बाहेरच्या माणसाने केलेली या समाजाची जुनी नोंद १७३८ ची आहे. डॅनिश मिशनमधल्या सार्टोरियस नावाच्या मिशनऱ्याने लिहिलं की हे लोक स्वतःला बेने इस्राएल म्हणवतात, त्यांच्याकडे बायबल नाही, हिब्रू येत नाही, फक्त शेमा येते. म्हणजे वाटसरूंनी जी यादी दिली ती जवळपास तशीच सुमारे तीनशे वर्षांपूर्वीच्या कागदावर आहे.

त्याच्या मागे दावीद राहाबीची कथा आहे. तो बाहेरून आला, त्याला हे लोक यहुदी असावेत असं वाटलं, म्हणून त्याने बायकांना मिश्र मासळी रांधायला दिली. त्यांनी खवले आणि पर नसलेली मासळी आपणहून बाजूला काढली. मग त्याची खात्री पटली. त्याने तिघांना शिकवून काजी (धर्मविधी चालवणारे) केलं आणि काजीपण त्या घराण्यांत चालू राहिलं. हा राहाबी कधीचा यावर एकमत नाही. समाजाची परंपरा त्याला फार जुना मानते, तर काही अभ्यासक त्याला अठराव्या शतकातल्या कोचीनच्या राहाबी घराण्यातला समजतात.

पण गोष्ट कुठली जपली गेली ते पहा. परीक्षेत ग्रंथाचा प्रश्न विचारलेला नाही. परीक्षा स्वयंपाकघरात झाली आणि ती बायकांनी दिली.

---

कोलंबीप्रेमी
कोकणात राहून कोलंबी नाही, खेकडा नाही, तिसऱ्या नाहीत, मुशी नाही! याहून मोठा त्याग मला माहीत नाही. मनापासून नमस्कार.

---

पुरावा_दाखवा
धागा चांगला आहे, पण गलबताची कथा इतक्या सहजपणे पुढे नेऊ नये. फुटलेलं गलबत, किनाऱ्याला लागलेली चौदा माणसं, कोकणचा समुद्र. चित्पावनांच्या उत्पत्तिकथेतही परशुराम समुद्रकाठच्या चौदा प्रेतांना जिवंत करतो. एकाच किनाऱ्यावरच्या दोन समाजांच्या कथेत एकच आकडा येतो, तेव्हा ती कथा त्या किनाऱ्याची आहे, एका समाजाची नाही, असं मला वाटतं. गलबत फुटल्याचं इसवीसनापूर्वी १७५ हे साल सांगितलं जातं त्यालाही कागद नाही. ते एकोणिसाव्या शतकातलं गणित आहे. या समाजात हनुक्काह हा यहुदी सण पाळत नव्हते, म्हणून हे लोक त्या सणामागची घटना घडायच्या आधीच निघाले असणार, असा तो तर्क.

---

शोधयात्री
पुरावा_दाखवा, कथांच्या साम्याबद्दल सहमत. ते साम्य बऱ्याच जणांनी दाखवलं आहे. सालाबद्दलही सहमत. पण २०१६ मध्ये या समाजाच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मध्यपूर्वेकडचा यहुदी वंश आणि स्थानिक भारतीय वंश असे दोन्ही धागे स्पष्ट सापडले. तेव्हा गलबत, साल, चौदा माणसं हे सोडा, 'आम्ही समुद्रापलीकडून आलो आणि इथल्यांत मिसळलो' हा गाभा खरा आहे.

---

पुरावा_दाखवा
गाभा खरा हे मान्य. माझा मुद्दा वेगळा आहे. तो गाभा खोटा ठरला असता तर हे लोक बेने इस्रायल राहिले नसते का? राहिलेच असते. म्हणून म्हणतो, रक्ताची चाचणी समाजाला लावू नका.

---

रामलेची_पेणकर
मी या समाजातली. माझं माहेर पेण तालुक्यातलं, आता कित्येक वर्षं इस्रायलमध्ये रामले इथे राहते. वरचं वाचलं आणि लिहावंसं वाटलं, थोडं मोठं होईल.

रक्ताच्या चाचणीबद्दल पुरावा_दाखवा यांनी लिहिलं ते आमच्या घरात फार कडवट आठवणीचं आहे. आमचे लोक १९४८ नंतर इथे आले ते कुणी हाकललं म्हणून आले नाहीत. भारतात आम्हाला धर्मावरून कधी कुणी त्रास दिला नाही, हे इथे आम्ही सगळ्यांना आवर्जून सांगतो. प्रार्थनेत ज्या भूमीचं नाव घ्यायचो ती मिळाली म्हणून आलो. आणि आल्यावर विचारलं गेलं की तुम्ही खरे यहुदी कशावरून? पहिल्याच काही वर्षांत वागणुकीला कंटाळून आमच्यातल्या काहींनी धरणं धरलं की आम्हाला भारतात परत पाठवा, आणि काही कुटुंबं खरोखर परत गेली. मग १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या कचेरीने फर्मान काढलं की बेने इस्रायलशी लग्न लावायचं तर आधी आईकडच्या पिढ्या तपासा. दोन हजार वर्षं शनिवार पाळला, आणि लग्नाच्या वेळी आजीच्या आजीचा दाखला मागितला. १९६४ च्या उन्हाळ्यात आमची माणसं जेरुसलेममध्ये रस्त्यावर उतरली. माझे चुलते त्यांत होते. शेवटी संसदेने ठराव केला की बेने इस्रायल सर्वार्थाने यहुदी आहेत, आणि ते फर्मान सैल झालं.

वाटसरूदादा, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की आचाराने समाज टिकतो हे खरं, पण दुसऱ्याच्या दारात उभं राहिल्यावर आचार पुरत नाही. तिथे इतिहास दाखवावा लागतो. म्हणून हाईम शमुवेल केहिमकरांचं आमच्यावर मोठं ऋण आहे. त्यांनी समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला आणि तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला, त्यांच्या मृत्यूनंतर. त्या माणसाने गावोगावच्या चालीरीती, सणांची नावं, आडनावं लिहून ठेवली नसती तर आमच्याकडे दाखवायला काय होतं?

---

चौलची_सून
पेणकरताई, तुम्ही लिहिलंत फार बरं झालं. सणांची नावं सांगाल का? सासूबाई 'बिरड्याचा सण' म्हणायच्या, तो तुमचाच ना?

---

रामलेची_पेणकर
हो, आमचाच. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाचा उपास, तो सोडताना वालाचं बिरडं, म्हणून बिरड्याचा सण. नव्या वर्षाचा नव्याचा सण. योम किप्पूर म्हणजे दारफळणीचा सण, त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं, आणि दुसरा दिवस शिळा सण. पुरीमला होळीचा सण म्हणायचे, दोन्ही एकाच सुमाराला येतात ना. हिब्रू नावं नंतर शिकलो. आजी मात्र शेवटपर्यंत बिरड्याचाच सण म्हणायची.

नव्याच्या सणाला गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात हलवा करतो. मटणाच्या रश्शातही नारळाचंच दूध, कारण मांस आणि गाई-म्हशीचं दूध एकत्र चालत नाही. कोकणात नारळ होता म्हणून आमचा धर्म सांभाळणं सोपं गेलं, असं माझी आई म्हणायची.

---

कोलंबीप्रेमी
ताई, हलव्याचं प्रमाण मिळेल का? चीक काढायला गहू किती दिवस भिजवता?

---

रामलेची_पेणकर
तीन दिवस, पाणी रोज बदलून. बाकी पाककृती विभागात वेगळं लिहीन, नाहीतर इथला विषय हलव्यात जाईल.

---

टाळ_मृदंग
अवांतर वाटेल, पण अवांतर नाही. १८८० च्या सुमारास या समाजाने मराठी कीर्तन उचललं. बिन्यामीन शिमशोन अष्टमकर यांचं नाव त्यात मोठं आहे. आख्यानं अब्राहामाची, योसेफाची, मोशेची, आणि गायची साकी, दिंडी, ओवी अशा वृत्तांत. म्हणजे हाताशी परंपरा महाराष्ट्राची आणि कथा आपल्या पूर्वजांची. योसेफाला भावांनी विहिरीत टाकलं तो प्रसंग साकीत ऐकताना पेण-रोह्याच्या माणसाला तो आपल्याच आळीत घडल्यासारखा वाटला असेल.

वाटसरूंचं 'इतिहास मागाहून आला' हे इथे लागू पडतं. पण तो कीर्तनातून घराघरांत गेला, पुस्तकातून गेला तो थोड्यांच्याच.

---

शोधयात्री
टाळ_मृदंग, उत्तम मुद्दा. मग त्या कथा कुठून आल्या तेही सांगायला हवं. कारण ज्या समाजाकडे तोराहच नव्हती त्याला योसेफाची कथा इतक्या तपशिलात कशी ठाऊक? काही कोचीनच्या यहुदी शिक्षकांकडून, आणि बराचसा भाग ख्रिस्ती मिशनऱ्यांनी केलेल्या मराठी बायबलमधून. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळांत या समाजाची मुलं शिकली. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं ते यांच्यासाठीच. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. या लोकांनी व्याकरण घेतलं, जुना करार घेतला, आणि ते ख्रिस्ती न होता अधिक पक्के यहुदी झाले. मला समाजाच्या इतिहासातलं हे सर्वांत मोठं पान वाटतं. पुढे १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह हग्गादा, म्हणजे वल्हांडण सणाला वाचायची पोथी, छापली गेली. तिच्या चित्रांत वल्हांडणाच्या भाकरी करणाऱ्या बायका लुगड्यात आहेत.

---

पेठेतला_अभ्यासक
पुण्याचं नाव आलं म्हणून: लाल देऊळ, म्हणजे ओहेल दावीद सिनेगॉग (यहुदी प्रार्थनास्थळ), हे डेव्हिड ससून यांनी बांधलेलं, बगदादकडून आलेल्या यहुद्यांचं, म्हणजे बगदाद्यांचं. बेने इस्रायलांचं सुक्कथ शेलोमो रास्ता पेठेत आहे, १९२१ चं. पुण्यात बरेच जण दोन्ही एकच समजतात. बगदादी मंडळी अनेक वर्षं बेने इस्रायलांना बरोबरीचं मानत नव्हती, हेही नोंदवायला हवं.

---

साक्षी_तळा
बगदाद्यांनी हीन मानलं हे सगळे सांगतात. पण समाजात स्वतःतच गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद होता त्याचं काय? स्थानिक बाईपासून झालेली संतती ती 'काळी', त्यांच्याशी सोयरीक नाही, प्रार्थनेच्या पेल्यातला घोटही त्यांना शेवटी. ज्यांनी स्वतः हे केलं त्यांच्या रब्बींविरुद्धच्या तक्रारीला मी कसं वजन द्यावं? 'शेजाऱ्यांशी भांडण न करता राहिले' हे वाटसरूंचं वाक्य गोड आहे, पण शेजाऱ्यांची जातही त्यांनी उचललीच.

---

रामलेची_पेणकर
साक्षी, भेद होता. केहिमकरांनीही तो लिहिला आहे, मी झाकणार नाही. पण १९६४ च्या मोर्च्यात दोघंही होते. दाखला मागणाऱ्याला गोरा-काळा फरक ठाऊक नव्हता, त्याच्या लेखी आम्ही सगळे सारखेच संशयित. तिथे तो भेद पातळ झाला, आता नातवंडांना तो माहीतही नाही. तेव्हा तक्रारीला वजन द्याच. ज्यांना आतूनही डावललं गेलं होतं त्यांची तक्रार तर दुप्पट खरी होती.

---

साक्षी_तळा
शेवटचं वाक्य पटलं. माझा मुद्दा मागे घेत नाही, पण हे पटलं.

---

कावेरीकाठचा
मी तंजावरी मराठी. आमचं नेमकं उलटं आहे म्हणून लिहितो. व्यंकोजी राजांनी १६७६ च्या आसपास तंजावर घेतलं, १८५५ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केलं. मधल्या काळात सरफोजी राजांनी भोसले घराण्याचा इतिहास १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. इतिहास दगडात आहे, ग्रंथालय आहे, मोडीची दप्तरं आहेत. पण आमच्या घरातली मराठी माझ्या मुलांपर्यंत पोचलेली नाही. भिंतीवरचा लेख त्यांना वाचता येत नाही. वाटसरू म्हणतात त्यात तथ्य आहे. आमच्याकडे इतिहास भरपूर होता, रोज करायचं असं काही उरलं नाही.

---

पुरावा_दाखवा
कावेरीकाठचा यांचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा. पण एक शंका. तंजावरकरांवर बंधन नव्हतं म्हणून ते मिसळले. बेने इस्रायलांकडे बंधन होतं: लग्न आतच, मासे ठरलेले, वार ठरलेला. मग टिकवणारी गोष्ट आचार की आचारामागची मनाई?

---

आगरातला_वाटसरू
सगळ्यांचे आभार. पेणकरताईंचे विशेष.

मनाईबद्दल: मनाई करणारं कोण होतं? रब्बी नव्हता, न्यायसभा नव्हती. काजी होता तो गावोगाव फिरून लग्नं लावणारा, सुंता करणारा, भांडणं मिटवणारा. शनिवारी घाणा चालवला असता तर नुकसान कुणाचं होत नव्हतं, उलट पैसे मिळाले असते. तरी सातव्या दिवसाची कमाई पिढ्यान्‌पिढ्या सोडली. याला मी मनाई म्हणणार नाही. ही आवडीने सांभाळलेली शिस्त आहे.

आणि आडनावं विसरू नका. केहिमकर, नवगावकर, रोहेकर, अष्टमकर, दिवेकर, झिराडकर, चेऊलकर. शंभराच्या वर अशी गावावरून आलेली आडनावं या समाजात आहेत. कामा हॉस्पिटलच्या डॉ. जेरुशा झिराड, ज्यांना १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्या नावात आमचं झिराड आहे. नट डेव्हिड यांचं आडनाव चेऊलकर. मूळ यरुशलेमचं आणि आडनाव रायगड जिल्ह्यातलं, यात त्यांना कधी अडचण वाटली नाही.

---

टाळ_मृदंग
मुंबईचं पहिलं सिनेगॉगही घ्या. सामाजी हसाजी दिवेकर इंग्रजी फौजेत होते, टिपूच्या कैदेत सापडले, सुटून आले आणि १७९६ मध्ये मांडवीत सिनेगॉग बांधलं. तोपर्यंत या समाजाकडे आपलं असं प्रार्थनास्थळ मुंबईत नव्हतं. म्हणजे घरात शेकडो वर्षं, आणि मग इमारत.

---

चौलची_सून
आणि मलिदा राहिलाच की. पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, फळं, आणि एलियाहू हानबी या संदेष्ट्याच्या नावाने प्रार्थना. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर त्यांच्या रथाच्या खुणा दाखवतात, तिथे आजही लोक नवस फेडायला येतात. जगातल्या दुसऱ्या यहुद्यांत असा मलिदा नाही म्हणे. बरोबर ना ताई?

---

रामलेची_पेणकर
बरोबर. इथे लोदला, अश्दोदला, दिमोनाला, जिथे आपली माणसं तिथे मलिदा होतो. बारशाला, लग्नाच्या आधी, मुलगा फौजेतून सुखरूप आला की. पोहे भारतीय दुकानातून येतात. माझ्या नातीला मराठी समजते, बोलता येत नाही. पण मलिद्याचं ताट तीच लावते.

आता मूळ प्रश्नाकडे. वाटसरूदादा आचार म्हणतात, मी वर इतिहास म्हटलं. तंजावरच्या भावांचं वाचून विचार केला. माझं आता असं मत आहे की दोन्ही लागतात, पण एकाच वेळी नाही. शेजारी मायेचे असतात तेव्हा आचारावर भागतं. कुणी संशय घेतला की इतिहास लागतो. आमच्या आजोबांना कुणी विचारलं नाही, म्हणून त्यांना गलबताच्या गोष्टीवर झोप लागली. आम्हाला विचारलं गेलं, म्हणून आम्ही केहिमकर वाचले. आणि ज्या समाजाला सतत दाखले काढून दाखवावे लागतात, त्याच्यात काही कमी आहे असं नाही. त्याला शेजार वाईट मिळाला आहे.

---

पुरावा_दाखवा
शेवटच्या दोन वाक्यांना पूर्ण सहमती. ती आज महाराष्ट्रातल्या इतर समाजांनाही लागू करून पहावीत.

---

साक्षी_तळा
त्यावर वेगळा धागा काढा, मी येते भांडायला.

---

आगरातला_वाटसरू
काढतोच. तोवर एक विनंती. ज्यांच्या गावात इस्रायल आळी, बंद पडलेलं घाण्याचं घर किंवा दफनभूमी आहे त्यांनी गावाचं नाव आणि जुन्या माणसांकडून ऐकलेली आडनावं इथे लिहावीत. आपल्या गावातली माणसं होती ती, त्यांची नोंद आपणही ठेवायला हवी. पेणकरताई, तुमच्या माहेरच्या गावापासून सुरुवात करूया का?

---

रामलेची_पेणकर
करूया. उद्या भावाला फोन करून आळीतल्या घरांची क्रमाने नावं विचारते आणि लिहिते.